एक पदार्थ, एक आकडा? संक्रमण तापमानावरच्या एका लोकप्रिय मजकुराला उत्तर

विज्ञानाच्या नावानं फिरणारा एक मजकूर गेली काही वर्षं थोडेफार शब्द बदलून पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचं म्हणणं असं: पाण्याला जसा उत्कलनबिंदू, तसं प्रत्येक पदार्थाला एक ठरलेलं संक्रमण तापमान असतं. त्या रेषेच्या एका बाजूला पदार्थ भरवशाचा, दुसऱ्या बाजूला कुचकामी. म्हणून हे तापमान जितकं वर, तितका पदार्थ उत्तम. पुरावा म्हणून पुढे यादी येते. काच हा खरं तर संथ वाहणारा द्रव आहे. अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं रबर गोठलं म्हणून यान फुटलं. थंडीत सगळे धातू ठिसूळ होतात, टायटॅनिक त्यामुळेच बुडालं. नेपोलियनच्या सैनिकांची कथलाची बटणं रशियात भुकटी झाली. आणि शेवटी भरतवाक्य: खोलीच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक, म्हणजे विजेला जराही रोध न करणारा पदार्थ, हाती आला की विजेचे सगळे प्रश्न संपले.

यातला एकही मुद्दा निव्वळ हवेतून आलेला नाही. प्रत्येकाच्या पोटात थोडं खरं आहे, म्हणूनच तो एका वाक्यात खोडता येत नाही. पण सगळ्यांच्या मुळाशी चूक एकच: तापमान एकटंच सगळं ठरवतं असं धरून चालणं. बदल किती वेगानं घडवला, पदार्थावर ताण किती होता, त्यात काय मिसळलंय, तो आधी कशाकशातून गेलाय, हे सगळं बाजूला सारलं की मग तेवढा आकडा उरतो. मुद्दे एकेक करून घेऊ.

"प्रत्येक पदार्थाचा एक ठरलेला आकडा असतो"

पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक होतं आणि वर मऊ पडतं ते, १०० अंश सेल्सिअस, असं कुठल्याही तक्त्यात सापडेल. (पुढेही अंश म्हणजे सेल्सिअसच, केल्विन असेल तिथे तसं लिहिलं आहे.) हा आकडा येतो कुठून ते जवळून पाहण्यासारखं आहे. अशा पॉलिमरचा, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थाचा, पाच-दहा मिलिग्रॅमचा कण ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या डबीत बंद करतात, शेजारी तशीच एक रिकामी डबी ठेवतात आणि दोन्ही एकाच वेगानं तापवत नेतात. दोघींना लागणाऱ्या उष्णतेतला फरक आलेखावर उमटत जातो. प्रयोगशाळेत ज्याला नुसतं डीएससी म्हणतात ते यंत्र हेच. स्फटिक वितळतो तिथे या आलेखावर टोकदार शिखर येतं. काच-संक्रमणाला शिखर नसतं. रेषा एक पायरी सरकते, आणि ती पायरीसुद्धा चांगली ऐसपैस, बरेच अंश पसरलेली. आता आकडा कोणता लिहायचा? पायरी सुरू होते तो, की तिच्या मध्याचा? एक प्रयोगशाळा हा लिहिते, दुसरी तो लिहिते, आणि दोघींचंही बरोबर असतं.

तापवण्याचा वेग मिनिटाला १० अंशांवरून १०० वर नेला की तीच पायरी साधारण तीन ते पाच अंश वर सरकते. नमुना महिनोन्महिने कपाटात पडून असेल तर पायरीच्या टोकाशी एक उंचवटा दिसतो. तो त्या पडून राहण्याचा हिशेब. म्हणून बरेच जण नमुना एकदा संक्रमणाच्या वर नेऊन थंड करतात, त्याचा पूर्वेतिहास पुसतात आणि दुसऱ्या फेरीचा आकडा देतात. माहितीपत्रकात यातलं काही छापलेलं नसतं, छापलेला असतो तो फक्त आकडा. त्यामुळे दोन कंपन्यांच्या पत्रकांत दोन अंशांचा फरक दिसला म्हणून एकीचा माल सरस ठरवणाऱ्यांनी आधी चाचणीची पद्धत विचारावी.

असं का होतं? पॉलिमर थंड होत जातो तशा त्याच्या लांबलचक साखळ्यांच्या हालचाली मंदावतात. त्यांना जागा बदलायला लागणारा वेळ आपण दिलेल्या वेळाहून मोठा झाला, की त्या असतील तिथे अडकतात. सावकाश थंड केलं तर त्यांना अधिक सवड मिळते आणि त्या आणखी थोड्या खालच्या तापमानाला अडकतात. म्हणजे या आकड्यात निम्मा वाटा पदार्थाचा, निम्मा आपल्या घड्याळाचा. पाणी उकळण्याशी याची तुलना मुळातच चुकते.

शिवाय भेसळ. पीव्हीसीचं काच-संक्रमण सुमारे ८० अंशांना होतं, म्हणून त्याचा पाइप खोलीच्या तापमानाला कडक असतो. त्याच पीव्हीसीत मऊ करणारं द्रव्य, म्हणजे प्लॅस्टिसायझर, भरपूर घातलं की हा आकडा शून्याच्याही खाली उतरतो आणि तोच पॉलिमर विजेच्या वायरीवरचं लवचिक आवरण होतो. नायलॉनला तर मुद्दाम काही घालावंही लागत नाही. ते हवेतला ओलावा पिऊन आपलं संक्रमण तापमान स्वतःच खाली आणतं. कोरड्या नायलॉनचा दातेरी चक्राचा सुटा भाग आणि दमट हवेत मुरलेला तोच भाग, दोघांचा कडकपणा वेगळा लागतो.

आणि "एक" आकडा तरी कुठे असतो? इलेक्ट्रॉनिक्समध्ये कोट्यवधींनी लागणारे सिरॅमिक कपॅसिटर ज्यापासून बनतात ते बेरियम टायटनेट घ्या. सुमारे १२० अंशांच्या वर त्याचा स्फटिक घनाकार असतो, खाली आल्यावर तो एका दिशेनं किंचित ताणला जातो, सुमारे ५ अंशांना पुन्हा आकार बदलतो आणि उणे ९० च्या आसपास आणखी एकदा. टेफ्लॉन नावानं ओळखल्या जाणाऱ्या पॉलिमरची तर गंमतच आहे: तो वितळतो ३२७ अंशांना, पण त्याच्या स्फटिकांतली एक पुनर्रचना घडते चक्क १९ अंशांना, म्हणजे ऐन खोलीच्या तापमानात, आणि त्यात त्याचं आकारमान एक टक्क्याच्या पुढेमागे बदलतं. सकाळच्या थंडीत मापात बसलेला सील दुपारी बसत नाही, ही त्यावर काम करणाऱ्या यंत्रज्ञांची जुनी डोकेदुखी.

"काच हा संथ वाहणारा द्रव आहे, जुन्या चर्चच्या खिडक्या बघा"

हा मुद्दा खोडून खोडून लोक थकले, तरी मरत नाही. युक्तिवाद असा की मध्ययुगीन खिडक्यांच्या काचा खालच्या कडेला जाड आढळतात, म्हणजे शतकानुशतकं काच खाली ओघळत आली. पूर्वी खिडकीची काच करताना तापलेला गोळा गरगर फिरवून त्याची चकती पसरवत आणि मग तुकडे कापत. चकती सगळीकडे सारख्या जाडीची होत नसे. तुकडा बसवताना जाड कड खाली ठेवणं सोयीचं, म्हणून ती बरेचदा खाली. काही ठिकाणी ती वर किंवा बाजूलाही सापडते. काच वर ओघळली, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

याचं गणितही झालं आहे. १९९८ साली ब्राझीलचे काचतज्ज्ञ एडगर झानोटो यांनी दाखवलं की अशी काच खोलीच्या तापमानाला डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला विश्वाचं वयही पुरणार नाही. पुढे २०१८ च्या सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेची घटकद्रव्यं घेऊन तशीच काच तयार केली गेली आणि तिची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा रोध, काढली गेली. ती आधीच्या अंदाजाहून तब्बल सोळा घातांनी, म्हणजे एकावर सोळा शून्यं इतक्या पटींनी, कमी निघाली. वाहणाऱ्या काचेच्या समर्थकांना इथे हुरूप यायला हरकत नाही, पण कमी म्हणजे किती? एकावर चोवीस शून्यं इतके पास्कल-सेकंद. त्या हिशेबानं १०० कोटी वर्षांत काच सरकेल जास्तीत जास्त एक नॅनोमीटर.

मजकूर लिहिणाऱ्याला काचेबद्दल खरंच काही चमकदार सांगायचं असतं, तर ते वेगळंच होतं. काच वाहत नाही, पण ती संपूर्ण स्वस्थही बसत नाही. पडद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका आधुनिक काचेचा मोठा ताव खोलीच्या तापमानाला दीड वर्ष मोजत राहिल्यावर तो दहा लाखांत सुमारे दहा भाग इतका आकसलेला आढळला. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अणूंची रचना थंड होताना अर्धवट अडकली होती, ती हळूहळू सावरत होती. दहा लाखांत दहा हे ऐकायला नगण्य वाटेल. पण पडद्याच्या काचेवर सूक्ष्म विद्युत-मंडलांचे थर एकावर एक छापायचे असतात आणि छपाईच्या मधल्या टप्प्यांत काच शेकडो अंशांपर्यंत तापते. तेवढ्यात ती किंचित आकसली तरी वरचा थर खालच्यावर नीट बसत नाही. म्हणून हे उद्योग काच किती अंशांना मऊ होते एवढंच न विचारता ती कोणत्या वेगानं थंड केली होती हेही विचारतात.

"चॅलेंजरचं रबर गोठलं"

२८ जानेवारी १९८६. उड्डाणाच्या वेळी हवेचं तापमान सुमारे २ अंश होतं. त्याआधीचं सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंशांना झालं होतं. घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, तापलेले वायू रोखू शकली नाही आणि ७३ सेकंदांत यान नष्ट झालं, सातही जण गेले. इथवर मजकूर बरोबर आहे. "रबर गोठून काचेसारखं झालं" हे मात्र नाही.

ती कडी फ्लोरिनयुक्त रबराची होती. अशा रबराचं काच-संक्रमण शून्याच्या सुमारे २० अंश खाली होतं. त्या सकाळी सांध्याचं तापमान शून्याच्या किंचित खाली असावं असा अंदाज आहे. म्हणजे मजकुराच्या नियमानं रबर रेषेच्या "भरवशाच्या" बाजूलाच होतं! तरी ते कामी आलं नाही, कारण प्रश्न वेळेचा होता. इंजिन पेटताच आतल्या दाबानं सांधा क्षणभर उघडतो. दाबून बसलेल्या कडीनं सेकंदाच्या काही दशांशात फुगून ती फट भरायची असते. चौकशी आयोगाच्या अहवालात नोंद आहे: दाबलेली कडी २४ अंशांना जितक्या तत्परतेनं मूळ आकारात येते, त्याच्या एक पंचमांश तत्परतेनं ती उणे एक अंशाला येते. दोन-चार सेकंद थांबायची सोय असती तर तिनं फट भरलीही असती.

आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ११ फेब्रुवारीच्या सुनावणीत बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला तो प्रयोग बरेच जण चुकीचा सांगतात. त्यांनी रबर तोडून दाखवलं नव्हतं. चिमट्यात दाबलेला तुकडा बर्फाच्या पाण्यातून काढून त्यांनी चिमटा सोडला आणि रबर लगेच मूळ आकारात येत नाही, काही सेकंद दबलेलंच राहतं, एवढं दाखवलं. त्यांच्या विधानात "काही सेकंद" होते. फिरत्या मजकुरात फक्त अंश शिल्लक राहिले.

पॉलिमरच्या जगात थंडी आणि घाई यांचा परिणाम सारखाच होतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या संशोधकांनी १९५५ मध्ये या अदलाबदलीचं सूत्र मांडलं आणि टायर बनवणारे आजही त्यावर जगतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागतो तेव्हा टायरचा पृष्ठभाग खडीच्या बारीक उंचसखल कणांवर सेकंदाला हजारो-लाखो वेळा दाबला-सुटतो, म्हणून ओल्या रस्त्यावरची पकड प्रयोगशाळेत शून्य अंशाला, कमी वेगानं तपासली तरी चालते. इंधन खाणारा घरंगळण्याचा रोध मात्र चाकाच्या फेऱ्यांच्या वेगाचा, तो ६० अंशांना तपासतात. एका टायरचं रबर एकाच वेळी पकडीच्या बाबतीत संक्रमणाजवळ आणि घरंगळण्याच्या बाबतीत त्यापासून लांब असतं. तापमान तेच, टायरही तोच.

"थंडीत धातू ठिसूळ होतात, टायटॅनिक त्याचा पुरावा"

सगळे धातू होत नाहीत. तांबं, ॲल्युमिनियम, निकेल आणि नेहमीच्या वापरातलं निकेलयुक्त स्टेनलेस स्टील यांना असं चिवट-ठिसूळ संक्रमणच नाही. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन अशाच धातूंच्या टाक्यांत ठेवतात. फरक अणूंच्या रचनेचा आहे. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले दोष सरकत असतात. तांब्याच्या रचनेत हे दोष अगदी थंडीतही सहज सरकतात. साध्या पोलादाच्या रचनेत त्यांना पुढे जायला उष्णतेचा हातभार लागतो. तो कमी पडला की वाकण्यापेक्षा तडकणं सोपं जातं. टंगस्टनला हा हातभार इतका लागतो की ते खोलीच्या तापमानालाही ठिसूळच असतं.

आता टायटॅनिक. वर काढलेल्या तुकड्यांवर १९९० च्या दशकात चाचण्या झाल्या. पोलादात गंधक जास्त आणि मँगेनीज कमी निघालं. खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलकाचा हातोडा आदळून शोषलेली ऊर्जा मोजतात, ती शार्पी चाचणी. त्यात संक्रमणाचा आकडा पत्र्याच्या लांबीच्या दिशेनं कापलेल्या तुकड्यांना ३२ अंश आणि आडव्या दिशेच्या तुकड्यांना ५६ अंश आला. समुद्राचं पाणी होतं उणे २ अंश. पण एकाच पत्र्यातून कापलेल्या तुकड्यांना दिशेनुसार २४ अंशांचा फरक आहे, मग "टायटॅनिकच्या पोलादाचं संक्रमण तापमान" म्हणून कोणता आकडा सांगणार? शिवाय शार्पीचा हातोडा मुद्दाम पाडलेल्या खाचेवर एका झटक्यात बसतो. हिमनगाचा घाव त्या मानानं संथ होता, सेकंदांचा होता. १९९६ च्या ध्वनिलहरींच्या पाहणीत जहाजाच्या पोटात मोठं भगदाड न सापडता सहा अरुंद फटी सापडल्या, आणि अनेक संशोधकांचं लक्ष पत्र्यांवरून ते जोडणाऱ्या खिळ्यांकडे, म्हणजे रिव्हेटांकडे, वळलं. लोखंडी रिव्हेटांमध्ये मळीचं, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या काचेसारख्या मळाचं, प्रमाण अपेक्षेहून बरंच जास्त निघालं. टायटॅनिक पोलादाच्या ठिसूळपणानं बुडालं, हे असं एका दमात म्हणण्यासारखं राहिलेलं नाही.

पोलाद थंडीत तडकतं याचं खणखणीत उदाहरण हवंच असेल तर ते आहे, फक्त त्यात हिमनग नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं स्केनेक्टडी हे नवंकोरं तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध तडकलं. ना वादळ, ना टक्कर. महायुद्धाच्या त्या वर्षांत घाईनं बांधलेल्या जोडकामाच्या कितीतरी जहाजांना असे तडे गेले आणि आधी सगळ्यांनी वेल्डरांना धारेवर धरलं. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी मूळ दोष पोलादाचा असल्याचं दाखवलं: ठरावीक तापमानाखाली ते खाचेजवळ ठिसूळपणे तुटत होतं. वेल्डिंगचा दोष एवढाच की रिव्हेटच्या सांध्याशी तडा थांबू शकायचा, अखंड जोडलेल्या पत्र्यात तो धावत सुटायचा.

हे संक्रमण तापमान धातुशास्त्रज्ञ हवं तसं हलवतात, आणि कधी ते त्यांच्या मनाविरुद्ध हलतं. पोलादातले कण बारीक केले की ताकद वाढते आणि संक्रमणही खाली जातं. दोन्ही फायदे एकदम देणारा असा उपाय धातुशास्त्रात दुर्मीळ आहे. नऊ टक्के निकेल घातलं की तेच पोलाद उणे १६२ अंशांच्या द्रव नैसर्गिक वायूच्या टाकीला चालतं. उलट अणुभट्टीच्या जाड भांड्यावर वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा होतो आणि त्याचं संक्रमण वर वर चढत जातं. म्हणून त्याच पोलादाचे तुकडे भट्टीच्या आत आधीच ठेवलेले असतात आणि ठरावीक वर्षांनी बाहेर काढून तोडून पाहतात. आकडा ठरलेला असता तर या उपद्व्यापाची गरजच नव्हती.

"नेपोलियनची बटणं"

थोडक्यात आटोपतो. पांढरं कथिल १३.२ अंशांखाली करड्या रूपात जाऊ शकतं, फुगतं आणि भुकटी होतं, हे खरं. पण १३.२ हा समतोलाचा बिंदू आहे, तिथे कथलाला बदलायची काहीच निकड नसते. वेग वाढतो तो शून्याच्या बराच खाली, आणि तिथेही सुरुवात व्हायला महिने जाऊ शकतात. शिसं, अँटिमनी किंवा बिस्मथ यांचा अंश असला तर बदल जवळजवळ थांबतोच, आणि त्या काळचं कथिल काही शुद्ध नसे. १८१२ च्या मोहिमेत बटणं अशी गळून पडली याला भक्कम पुरावा नाही.

"रेषेच्या अलीकडे भरवशाचा, पलीकडे कुचकामी"

पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट, दोन्ही पारदर्शक, दोन्ही खोलीच्या तापमानाला आपापल्या काच-संक्रमणाच्या खूप खाली. पॉलिकार्बोनेटचं संक्रमण सुमारे १४७ अंश, म्हणजे ते तर जास्तच खाली, जास्तच "गोठलेलं". तरी पॉलिस्टायरीनची पेटी हातातून पडली की तडकते आणि पॉलिकार्बोनेटच्या ढाली पोलिसांच्या हातात असतात. मुख्य संक्रमण होऊन गेल्यावरही साखळीचे छोटे तुकडे हलू शकतात, आणि पॉलिकार्बोनेटमध्ये ही बारीक हालचाल उणे १०० च्या आसपासपर्यंत चालू असते. बसलेला घाव पसरवायला तिची मदत होते. पत्रकातल्या एका आकड्यावरून ढाल निवडली असती तर काय निवडलं असतं कोण जाणे.

चुंबकांत याच्या उलट फसगत होते. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकाचं क्यूरी तापमान सुमारे ३१० अंश. मजकुराप्रमाणे ३०० पर्यंत निर्धास्त असायला हवं. प्रत्यक्षात साध्या प्रतीच्या चुंबकावर उत्पादक ८० अंशांची मर्यादा लिहितात. क्यूरी तापमान सांगतं चुंबकत्व पूर्ण कधी संपेल. आपल्याला हवं असतं ते वेगळं: उलट्या चुंबकीय क्षेत्रापुढे तो टिकाव किती धरतो. तो टिकाव तापमान वाढेल तसा भराभर ओसरतो, क्यूरीची रेषा दोनशे अंश लांब असतानाच. विजेवर चालणाऱ्या गाडीची मोटर आतून दीडशे अंशांच्या घरात तापते, म्हणून तिच्या चुंबकात डिस्प्रोसियम घालतात. त्यानं टिकाव वाढतो, चुंबकाची मूळ ताकद थोडी कमी होते, आणि किंमत अर्थातच वाढते.

"संक्रमण तापमान जितकं वर, तितका पदार्थ उत्तम"

कित्येक आधुनिक पदार्थांची सारी किंमत त्यांचं संक्रमण आपल्याला हवं तिथे घडतं यातच आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंशांना विजेच्या दुर्वाहकापासून धातूसारखं होतं आणि अवरक्त किरण परतवू लागतं. ऊन तापलं की उष्णता आपोआप अडवणारी खिडकी करायची तर ६८ फार होतात, म्हणून त्यात टंगस्टन घालून आकडा खाली आणण्याची खटपट चालते. निकेल-टायटॅनियमचं नायटिनॉल त्याहून हट्टी. त्याला एक नाही, चार आकडे: थंड होताना बदल सुरू होतो तो आणि संपतो तो, तापताना सुरू होतो तो आणि संपतो तो. निकेलचं प्रमाण दशांश टक्क्यानं चुकलं तरी हे आकडे दहा अंशांच्या आसपास सरकतात, आणि धातूवर ताण दिला की पुन्हा वर जातात. रक्तवाहिनीत घालायची नायटिनॉलची जाळी अशी बेततात की तापतानाचा शेवटचा आकडा शरीराच्या ३७ अंशांच्या खाली राहावा. तरच ती नळीतून सुटल्यावर उघडून आपला आकार धरते. तो आकडा वर नेला तर जाळी वाहिनीत मिटलेली राहील. "उत्तम" हा शब्द तिथे कोणी वापरणार नाही.

झिर्कोनियाची कथा आणखी निराळी. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून थंड होताना रचना बदलतो, चार-पाच टक्के फुगतो आणि त्याचे तुकडे पडतात. थोडं यिट्रियम ऑक्साइड घातलं की वरच्या तापमानाची रचना खोलीतही टिकून राहते, जणू दबा धरून. मग कधी तडा आला की त्याच्या टोकाशी ताण वाढतो, तिथले कण तेवढ्यापुरते बदलतात, फुगतात आणि तडा आवळून धरतात. दातांच्या टोप्यांना हे सिरॅमिक चालतं ते या लांबवलेल्या संक्रमणाच्या जिवावर.

"खोलीच्या तापमानाचा अतिसंवाहक मिळाला की झालं"

डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनला नाहीसा झालेला दिसला. शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांचं कुटुंब शोधलं आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या यिट्रियम-बेरियम संयुगानं ९३ केल्विन गाठले, द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्याही वर. मजकुराच्या तर्कानं त्या वर्षी नायोबियम-टायटॅनियमची तार भंगारात जायला हवी होती; तिचं संक्रमण जेमतेम ९ केल्विनचं. आजही बहुतेक एमआरआय यंत्रांत तीच तार आहे, द्रव हेलियमनं थंड केलेली. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या महाकाय कोलायडरचे, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचे, मुख्य चुंबकही तिचेच, १.९ केल्विनला चालणारे.

कारण सोपं आहे: ती मिश्रधातू आहे, तिची बारीक तार ओढता येते, मैलोन्मैल गुंडाळता येते. तांब्याची ऑक्साइडं ठिसूळ सिरॅमिक, आणि त्यांचे कण एकमेकांशी एका दिशेत जुळलेले नसतील तर कणांच्या सीमांवर प्रवाह अडतो. ती जुळणी साधून लांबच लांब फीत बनवायला दशकं लागली. त्यातही संक्रमण तापमानाचा छापील आकडा असतो तो बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह जवळजवळ नसतानाचा. क्षेत्र वाढवलं, प्रवाह वाढवला, की तो घसरत जातो. आणि चुंबक बनवायचा म्हणजे दोन्ही भरपूर हवेतच. म्हणूनच कोलायडरच्या तारेला ९ ऐवजी १.९ केल्विनला ठेवावं लागतं. दाबाचं कलम तर मजकुरात कधीच नसतं. हायड्रोजन सल्फाइडनं २०१५ मध्ये २०३ केल्विन गाठले खरे, पण वातावरणाच्या सुमारे पंधरा लाख पट दाबाखाली, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या कणात.

मजकुराच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एलके-९९ चं नाव हमखास असतं, "दाबून टाकलेला शोध" म्हणून. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटानं शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्या या संयुगाबद्दल दावा केला की ते साध्या दाबाला आणि ४०० केल्विनपर्यंत अतिसंवाहक असतं. त्यांच्या आलेखात १०५ अंशांच्या आसपास विद्युतरोध कड्यावरून पडावा तसा पडत होता. शोध कोणी दाबला नाही. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी पदार्थ स्वतः करून पाहिला. त्यांच्या कृतीत तांब्याचं सल्फाइड उपपदार्थ म्हणून तयार होत होतं, आणि या सल्फाइडची स्फटिकरचना सुमारे १०४ अंशांना बदलते, त्याबरोबर त्याचा विद्युतरोध कित्येक पटींनी घसरतो. चीनमधल्या संशोधकांनी नुसत्या सल्फाइडवर मोजून तशीच घसरण दाखवली. म्हणजे संक्रमण होतं, आकडाही बरोबर मोजला होता. ते कोणाचं संक्रमण, एवढंच चुकलं होतं. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्यांच्या चित्रफितींनाही साधं लोहचुंबकत्व पुरेसं होतं. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत नंतर गंधकाविना शुद्ध स्फटिक वाढवले गेले. ते पारदर्शक, जांभळ्या रंगाचे निघाले, आणि त्यांचा विद्युतरोध होता लाखो ओमचा.